त्याला काय कळतंय?

१९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिका-ब्रिटनमधल्या नामांकित रुग्णालयांत नवजात बाळांवर, विशेषतः अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर, शस्त्रक्रिया करताना पुष्कळदा पुरेशी भूल दिली जात नसे. बाळ हलू नये म्हणून स्नायू शिथिल करणारं औषध द्यायचं, सोबत फार तर नायट्रस ऑक्साइड, आणि छाती उघडायची. इतक्या लहान जिवाची मज्जासंस्था कच्ची असते, त्याला वेदना जाणवत नाही, जाणवली तरी लक्षात राहत नाही, असं शिकलेसवरलेले डॉक्टर मानत होते. इंदूरला वैद्यकीचं शिक्षण घेऊन ऑक्सफर्डला गेलेल्या कंवलजीत सिंग आनंद यांनी अशा बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. योग्य भूल दिली तर बाळाच्या शरीरावरचा ताण खूप कमी होतो आणि शस्त्रक्रियेनंतरचे धोकेही घटतात, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं. पद्धत बदलत गेली. त्याआधी ज्या बाळांनी हे सोसलं, त्यांच्याकडे ते सांगायला भाषा नव्हती.

हे मुद्दाम सांगते आहे, कारण त्यामागचा समज आपल्या घराघरांत अजून ठाण मांडून आहे. त्याला काय कळतंय, असं म्हणत बारशाला पाळण्याशेजारी कर्णा लावला जातो. त्याला काय कळतंय म्हणून त्याच्या देखत त्याच्या आईचा पाणउतारा होतो. तिसऱ्या वर्षी चांगल्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून रांगा लावणारे आईबाप पहिल्या बारा महिन्यांकडे दूध, झोप आणि लंगोट यांपलीकडे पाहत नाहीत. माझं म्हणणं एवढंच आहे की बाळाला कळतं. ते मान्य केलं की घरातल्या प्रत्येकावर आणि घराबाहेरच्या समाजावरही काही कर्तव्यं येऊन पडतात. ती टाळण्याची सोय होते, म्हणून तर हा समज इतका टिकला आहे.

काय कळतं, ते आधी पाहू. १९८० साली अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या अमेरिकन संशोधकांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांना एक चोखणी दिली. एका लयीत चोखलं की ध्वनिमुद्रित केलेला आईचा आवाज ऐकू येई, दुसऱ्या लयीत चोखलं की परक्या बाईचा. आईचा आवाज कसा मिळवायचा हे बाळांनी शोधून काढलं आणि ती तसंच चोखत राहिली. पोटात असताना महिनोन्‌महिने ऐकलेला तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. अभिमन्यूची कथा सांगत आलेल्या आपल्याला याचं नवल वाटायला नको. पण आपल्याकडे उलटंच चाललं आहे. नऊ महिने गर्भसंस्काराच्या वर्गांना पैसे भरले जातात, मंत्र ऐकवले जातात, आणि बाळ बाहेर आलं, डोळे उघडून पाहू लागलं, की त्याच्याशी बोलायला कोणाला सवड नसते. नवजात बाळाला सर्वांत स्पष्ट दिसतं ते वीस ते तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्या अंतरावरचं. निसर्गानं त्याला पहिल्याच दिवशी पाहण्यासाठी दिलेली गोष्ट म्हणजे माणसाचं तोंड.

आणखी एक प्रयोग मराठी माणसानं तर ऐकायलाच हवा. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले त आणि ट ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्यांना हा फरक सहसा ऐकू येत नव्हता. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो येत होता. वर्षाच्या उंबरठ्यावर पोचलेल्या बाळांचा मात्र तो कान जवळपास बंद झालेला होता, कारण त्यांच्या घरात त्या फरकाला काही अर्थ नव्हता. म्हणजे एकही शब्द बोलण्याआधी बाळ घरातल्या भाषेचा अभ्यास करत असतं, कोणते ध्वनी आपल्या माणसांच्या कामाचे आहेत ते वेचत असतं. शेजारची मंडळी ‘अजून बोलत नाही का?’ म्हणून विचारत असतात, त्या काळात हे काम सगळ्यांत जोरात चालू असतं.

हे काम यंत्राच्या हवाली करता येतं का? पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली त्याचंही उत्तर दिलं. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसली, खेळली, पुस्तकं दाखवत बोलली. थोड्याच आठवड्यांत बाळं चिनी ध्वनींमधला फरक ओळखू लागली. तीच माणसं, तेच बोलणं, पण पडद्यावर दाखवलं, तेव्हा बाळांनी काहीच उचललं नाही. ती पडद्याकडे टक लावून पाहत होती, पण शिकत नव्हती. हातात मोबाइल धरून बाळाला घास भरवणाऱ्या प्रत्येक घराला हा निष्कर्ष माहीत असायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली वर्षाच्या आतल्या बाळांना पडदा अजिबात नको, असं स्पष्ट सांगितलं आहे. आपल्याकडे सहा महिन्यांच्या बाळासमोर रंगीबेरंगी गाणी लावून देतात आणि ‘बघा, कसं शांत बसलंय’ म्हणून कौतुक करतात.

पडदा बाळासमोर असण्याहून मला अधिक काळजी वाटते ती मोठ्यांच्या हातातल्या पडद्याची. एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अगदी साधा होता. आई बाळाशी नेहमीसारखी हसतखेळत बोलते. मग सांगितल्याप्रमाणे काही मिनिटं चेहरा निर्विकार ठेवते, बाळाकडे बघते पण कसलाच प्रतिसाद देत नाही. बाळ आधी हसून पाहतं. मग हात पुढे करतं, आवाज काढतं, आईला परत बोलावण्याचे त्याला ठाऊक असलेले सगळे उपाय करून पाहतं. तरीही चेहरा हलला नाही, की ते मान फिरवतं, अंग आखडून घेतं, रडू लागतं. प्रयोगशाळेत हे काही मिनिटांत संपतं आणि आई त्याला जवळ घेते. आपल्या घरांत हा चेहरा दिवसातून कितीदा तसा होतो, याचा विचार आईबापांनी करावा. मान खाली, अंगठा वर सरकतो आहे, आणि समोर मांडीवर एक जीव हुंकार देऊन पाहतो आहे. त्याला आपण शिकवत असतो की तुझ्या हाकेला अर्थ नाही.

बाळाचं शिक्षण म्हणजे हीच देवाणघेवाण. त्यानं ‘अगं’ म्हणून आवाज काढला की आपण थांबून ‘हो का? आणि मग?’ म्हणायचं. त्यानं पंख्याकडे पाहिलं की पंख्याचं नाव घ्यायचं. हाक आणि उत्तर यांत मेंदूची जोडणी घडते. जन्मतः बाळाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या साधारण पाव असतो, दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस तो पाऊण होतो. ही वाढ दुधानं होते, झोपेनं होते आणि उत्तरांनी होते. आपल्या आजींना यातलं विज्ञान ठाऊक नव्हतं, पण रीत पक्की माहीत होती. बाळाच्या तळहातावर बोट फिरवत मोराला बोलावण्याचा खेळ, चांदोबा दाखवत दिलेला घास, पायांवर आडवं घालून तेल लावताना चाललेली अखंड बडबड, हे सगळं उत्तर देणंच होतं. ज्या घरांनी हे जुनं म्हणून सोडलं आणि त्याच्या जागी दोन हजारांची ‘बुद्धिवर्धक’ खेळणी आणली, त्यांनी चांगला सौदा केला नाही.

रडणाऱ्या बाळाला उचलू नका, मांडीची सवय लागेल, असा सल्ला अजून दिला जातो. हा सल्ला चुकीचा आहे. कॅनडात १९८६ साली झालेल्या एका अभ्यासात ज्या आईबापांनी बाळाला रोज एरवीपेक्षा जास्त वेळ अंगाखांद्यावर बाळगलं, त्यांची बाळं सहाव्या आठवड्यात बरीच कमी रडत होती. पहिल्या काही महिन्यांतलं रडणं हा हट्ट नसतो. हट्टासाठी जी बुद्धी लागते, ती अजून यायची असते. आपली हाक ऐकली जाते, हा भरवसा ज्याला लवकर मिळतो, ते मूल पुढे एकटं खेळायलाही लवकर तयार होतं.

मात्र आजीची सगळीच रीत डोळे मिटून स्वीकारावी, असं मी म्हणणार नाही. तेल लावावं, पण नाकाकानात घालू नये, टाळूवर जोर देऊ नये. गालावर तीट लावायची हौस असेल तर लावावी, काजळ डोळ्यांत मात्र घालू नये. त्यात शिसं सापडलेलं आहे आणि शिसं मेंदूला विष आहे. वर्षाच्या आत मध चाटवू नये, कारण त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंपासून लकवा आणणारी विषबाधा होऊ शकते. बाळगुटी उगाळताना वापरलेली सहाण आणि पाणी जुलाबाचं कारण होऊ शकतं. बाळंतिणीच्या खोलीतली धुरी बाळाच्या फुप्फुसात जाते. आणि चीक पिळून फेकून देण्याइतकी वाईट रूढी दुसरी नाही. तो पिवळसर घट्ट चीक म्हणजे बाळाला आईकडून मिळणारं पहिलं संरक्षण आहे, आणि तो पहिल्या तासातच त्याच्या तोंडात जायला हवा.

इथे केवळ सासवांना दोष देऊन भागणार नाही. २०१९ ते २१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातली ८८.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात आईचं दूध मिळालं ते केवळ ४१.८ टक्के बाळांना. म्हणजे लाखो बाळांच्या बाबतीत हा तास पांढऱ्या कोटातल्या माणसांच्या नजरेसमोर वाया गेला. सिझेरियन झालं म्हणून बाळ आईपासून तासन्‌तास दूर ठेवण्याची गरज नसते. नातेवाइकांनी हे विचारायला हवं, आणि दवाखान्यांनी विचारण्याची वेळ येऊ देऊ नये.

सहा महिने आईचं दूध, पाणीही नाही. त्यानंतर वरचं अन्न, आणि ते वरणाचं पाणी किंवा भाताची पेज नव्हे. पाण्यानं पोट भरतं, बाळ वाढत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतकं घट्ट वरणभात, त्यात तूप किंवा तेल, नाचणीची खीर, कुस्करलेली भाजी, खात असाल तर अंडं. सहा महिन्यांच्या सुमारास बाळाचा जन्मतः मिळालेला लोहाचा साठा संपत येतो. सहा महिने ते पाच वर्षांची आपल्याकडची ६७ टक्के मुलं रक्तक्षयग्रस्त आहेत, त्याची सुरुवात इथे होते. लोह कमी पडलेला मेंदू मंदावतो, मग ते मूल ‘आळशी’ ठरतं.

कोणतं बाळ कधी चाललं, याच्या स्पर्धेला तर कायमची रजा द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांची नोंद ठेवली, तेव्हा कोणी नवव्या महिन्यात चाललं, कोणी सतराव्या, आणि ती सगळी नीट होती. काही बाळं रांगतच नाहीत. वॉकरमध्ये घातल्यानं बाळ लवकर चालत नाही, जिन्यावरून मात्र पडतं. कॅनडानं २००४ साली वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली. पण धीर वेगळा आणि डोळेझाक वेगळी. तीन महिने उलटूनही माणसाकडे बघून हसत नाही, पाचव्या महिन्यात मान सावरत नाही, दहाव्या महिन्यापर्यंत ‘बाबा-दादा’सारखे आवाज काढत नाही, वर्षाचं होऊनही नावाला वळून बघत नाही, किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरतं, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ म्हणून वाट बघू नये. कानाची तपासणी नवजात बाळाचीही होते. जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर उपचारासाठी सरकारी केंद्रं आहेत. बहिऱ्या बाळाला पहिल्या वर्षात यंत्र मिळालं तर ते बोलायला शिकण्याची शक्यता कितीतरी वाढते. चौथ्या वर्षी तेच यंत्र मिळालं, तरी गेलेला काळ भरून निघत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बाळाच्या हाकेला उत्तर द्यायचं ते कोणी? आपलं ठरलेलं उत्तर आहे: आईनं. आणि ती आई कोणत्या अवस्थेत आहे, हे कोणी विचारत नाही. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यातल्या एका सरकारी रुग्णालयात गरोदरपणी तपासणीला आलेल्या बायकांचा बाळंतपणानंतरपर्यंत अभ्यास केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी जवळपास चौथा हिस्सा बायका नैराश्यानं ग्रासलेल्या आढळल्या. गरिबी आणि नवऱ्याची मारहाण ही कारणं होतीच. शिवाय मुलगा हवा असताना मुलगी झाली, हेही एक कारण होतं. पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या निबंधात गोव्यातल्याच बाळांची सहा महिन्यांच्या वयातली मोजमापं होती. नैराश्यात असलेल्या आयांची बाळं वजनानं आणि उंचीनं मागे राहण्याचा धोका दुपटीहून अधिक होता, आणि मानसिक वाढीच्या चाचणीतही ती मागे होती.

हे वाचून कोणीही स्वस्थ बसू नये, असं मला वाटतं. मुलगी झाली म्हणून बाळंतिणीकडे पाठ फिरवणारी सासू, पेढ्यांऐवजी मौन वाटणारा नवरा आणि ‘पुढच्या वेळी होईल’ म्हणून सांत्वन करणारे नातेवाईक, हे सगळे मिळून त्या नवजात मुलीच्या मेंदूतला एक दिवा विझवत असतात. त्यांना वाटतं आपण सुनेला बोललो. ती बोलणी सुनेच्या निर्विकार झालेल्या चेहऱ्यातून पाळण्यापर्यंत पोचतात. बाळंतपणानंतर सतत रडू येणं, झोप न लागणं, बाळाबद्दल काहीच न वाटणं, याला नाटक म्हणणं हा अपराध आहे. हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि उपचार मिळालेली आई बाळाकडे परतते.

मग बाप कुठे आहे? शहरातही बाप बाळाला ‘सांभाळतो’ तो आईला मदत म्हणून, जणू मूल तिचं एकटीचं आहे. रात्री दोन वाजता उठून बाळाला खांद्यावर घेणं, लंगोट बदलणं, न्हाऊ घालणं, संध्याकाळी अर्धा तास त्याच्याशी गप्पा मारणं, यांतलं काहीही करायला पुरुषाच्या शरीरात अडचण नाही. अंगावर पाजणं सोडून बाळाचं प्रत्येक काम बापाला येऊ शकतं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब देणंही त्याला जमतं. केंद्र सरकारच्या नोकराला बाळाच्या वेळी पंधरा दिवसांची रजा मिळते, खासगी नोकरीत ती मिळवून देणारा कायदा नाही. पण रजा मिळूनही ती आप्तेष्टांना पेढे वाटण्यात घालवणारे बाप आहेत, आणि त्यांना त्यांच्या आयांनी, बहिणींनी, मित्रांनी जाब विचारायला हवा.

आईबापांना उपदेश करून हात झटकणं मात्र अन्यायाचं होईल. २०१७च्या दुरुस्तीनं मातृत्व रजा सव्वीस आठवड्यांची झाली, पण ती पगारी नोकरीतल्या बायकांपुरती. धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर पाट्या उचलणाऱ्या, शेतात मजुरीला जाणाऱ्या बाईला सव्वीस दिवसही मिळत नाहीत. अंगणवाडी हा शब्द आणि ती कल्पना ज्या ताराबाई मोडक यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडमध्ये रुजवली, त्यांना आदिवासी पाड्यातलं मूल जिथे आहे तिथे शिक्षण न्यायचं होतं. आजची अंगणवाडी तीन वर्षांपुढच्या मुलांना बसवून घेते. त्याखालच्या बाळाच्या वाट्याला मुख्यतः घरी न्यायची पाकिटं आणि वजनकाटा येतो.

याहून जास्त करता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या थोड्याफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्यांनी घरी जाऊन नवजात बाळं सांभाळली आणि नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी खाली आणलं. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या मारतात, त्याचं मूळ तिथे आहे. दुसरं उदाहरण जमैकाचं. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅक्ग्रेगर यांनी कुपोषणानं खुंटलेल्या छोट्या मुलांच्या घरी आरोग्यसेविका पाठवल्या. आठवड्यातून एक तास, दोन वर्षं. टाकाऊ वस्तूंची खेळणी घेऊन त्या आईला बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते दाखवत. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई, भेटी न मिळालेल्या तशाच मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. आपल्या आशाताईच्या फेरीत वजन आणि लशीसोबत हा खेळाचा अर्धा तास घालायचा, तर तिला त्याचं प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला द्यावा लागेल. आधीच अंगावर कामांचा ढीग असलेल्या बाईकडून हेही फुकट करून घ्यायचं, हे चालणार नाही.

आणि ऊसतोडीच्या तळांवर तर आजच सुरुवात व्हायला हवी. बीडकडून दरवर्षी हजारो जोडपी कोयता घेऊन निघतात, त्यांच्यासोबत पाजती बाळं असतात. पहाटे फडात गेल्यावर बाळ पाचटावर नाहीतर साडीच्या झोळीत असतं, लक्ष ठेवायला सहा-सात वर्षांची बहीण. मोठ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना तरी आहे, पण वर्षाच्या आतल्या बाळाला आईपासून दूर ठेवता येत नाही. त्याच्यासाठी सोय तळावरच हवी: सावलीची जागा, स्वच्छ पाणी, टोळीतलीच एखादी बाई रोजंदारीवर नेमलेली, आणि आईला दर काही तासांनी पाजायला येण्याची मोकळीक, तेवढ्या वेळाची मजुरी न कापता. खर्च कारखान्यानं उचलावा. उचल देताना मुकादम सगळ्या अटी ठरवतो, त्याच बैठकीत ही अट घालता येते. ऊसतोड कामगारांच्या नावानं राज्यानं महामंडळ काढलं आहे, ही पाळणाघरं त्याच्या पहिल्या कामांत असायला हवीत. दिवाळीच्या आसपास टोळ्या निघायला लागतात, म्हणजे ती मागणी पावसाळ्यातच लावून धरावी लागेल.